गप्पी मासे आणि तळ्यातली बाकीची मंडळी



"गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा." ही ओळ कुठल्या ना कुठल्या भिंतीवर वाचली नाही असा माणूस महाराष्ट्राच्या खेड्यात सापडणे कठीण. जव्हार-मोखाड्याकडे तर ती शाळेच्या, दवाखान्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गेरूने रंगवलेली असायची. मुलांना बाराखडी येण्याआधी ही ओळ पाठ असे. पण गप्पी हे नाव आले कुठून, हा मासा आपल्याकडे आला कधी आणि तो यायच्या आधी तळ्यात कोण राहत होते, हे प्रश्न कधी कुणी विचारले नाहीत. मीही वर्गात विचारले नव्हते, कारण ते अभ्यासक्रमात नव्हते! मी इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे. पण निवृत्तीनंतर वेळ भरपूर, आणि इतिहासाची सवय काही सुटत नाही. म्हणून आज राजांचा नाही, तळ्यांचा इतिहास.

जव्हारच्या राज्याची एक गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. मुकण्यांच्या मूळ पुरुषाने इथल्या सरदाराकडे फक्त एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जागा मागितली. सरदार हसून हो म्हणाला. मग याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या दोरीने सगळा मुलूख वेढून घेतला. गोष्ट खरी की खोटी हे सोडून द्या. अशीच कथा कार्थेजच्या राणीबद्दलही सांगतात. पण तळ्यात सोडलेल्या परक्या माशांबद्दल वाचताना मला तीच आठवत राहते. ओंजळभर मासे सोडायचे असतात, एका कामापुरते. आणि काही वर्षांनी पाहावे तर सगळे तळे त्यांचे झालेले.

आधी मूळ रहिवासी कोण ते पाहू.

आमच्या भागात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतात. काळ्या कातळावरून पाणी धावते आणि निघून जाते. जे अडते त्याचे दोन प्रकार. एक म्हणजे बारमाही पाणी: नदीतले डोह, जुनी तळी, जव्हार शहराला पाणी देणारे जयसागर, खडखडचे धरण, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून झालेले पाझर तलाव. दुसरे म्हणजे हंगामी पाणी: माळावरचे, कातळातले खळगे, भाताच्या खाचरांशेजारची डबकी. ही मृगात भरतात आणि दिवाळीनंतर आटत जातात.

या दुसऱ्या प्रकाराकडे कुणी तळे म्हणून पाहतच नाही. पण पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवांची खरी जत्रा तिथेच भरते, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. तिथे मासा नसतो. जे पाणी दरवर्षी आटते त्यात मासा टिकत नाही, आणि मासा नाही म्हणून किड्यांना मोकळे रान मिळते. फेअरी श्रिंप नावाचा एक नाजूक, जवळजवळ पारदर्शक जीव आहे. तो पाठीवर उताणा पोहतो. त्याची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि पाऊस आला की फुटतात. २०१४ मध्ये याची एक नवी जात सह्याद्रीतून नोंदली गेली आणि तिच्या नावातच सह्याद्री घातला गेला: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. म्हणजे शिवरायांच्या काळापासून, खरे तर त्याच्याही कितीतरी आधीपासून इथे असलेल्या रहिवाशाची नोंद व्हायला एकविसावे शतक उजाडले.

आणि आपले चतुर! पावसाळ्याच्या शेवटी पिवळसर चतुरांचे थवे माळावर घिरट्या घालतात, ते तुम्ही पाहिले असतील. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की हे चतुर ऑक्टोबरच्या सुमाराला भारतातून निघून, मालदीववरून, हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जात असावेत. बोटाएवढा किडा आणि समुद्र ओलांडतो. या चतुराची मादी अंडी घालायला पावसाचे ताजे, उथळ डबके शोधते. तिथली अळी साधारण दीड-दोन महिन्यांत वाढून उडून जाते. इतकी घाई कशाला? डबके आटायच्या आत निघायचे असते म्हणून. आणि डबकेच का? तिथे खाणारा मासा नसतो म्हणून.

बारमाही पाण्यात अर्थात मासे होतेच, आपले इथले. खवली, दांडवण, मरळ, वाम. कपाळावर चांदीची टिकली असलेला एक छोटा मासा पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरत असतो, तोही. शिवाय झिंगे, खेकडे, शिंपले, गोगलगायी, पाणविंचू, जळवा, पाण्यावर गरगरणाऱ्या निवळ्या. या सगळ्यांचा एकमेकांशी हजारो वर्षांचा व्यवहार ठरलेला होता. कोण कुणाला खातो आणि कोण कुठे लपतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

या जिवांकडे आपल्यातल्या कुणी लक्ष दिले नाही असे मात्र समजू नका. मालवणला १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सह्याद्रीच्या नद्यांत हिंडत. सातारा भागातल्या कृष्णेच्या उपनद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. १९११ च्या सुमारास कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या अ‍ॅनंडेल साहेबांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. जेलीफिश समुद्रातच असतो असे आपण शाळेत शिकतो, आणि इथे तो डोंगरातल्या नदीत! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते हेच आघारकर. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी प्राध्यापक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उभा राहून असले जीव शोधत असेल, हे चित्र मला फार आवडते.

आता परके मासे. ते आपल्या पाण्यात मुख्यतः दोन दारांनी आले, आणि दोन्ही दारांवर पाटी चांगलीच होती.

पहिले दार हिवतापाचे. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डास आणि हिवताप यांचे नाते उघड केले. त्यानंतर डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांचा शोध सुरू झाला. मुंबईत चार्ल्स बेंटली यांनी केलेल्या चौकशीत, १९११ च्या सुमाराला, शहरातल्या विहिरी हेच डासांचे घर असल्याचे दिसून आले. विहिरी बंद करायला लोकांचा विरोध, त्यातही धार्मिक कारणांनी. मग विहिरीत मासे सोडणे हा त्यातल्या त्यात कुणाला न दुखावणारा उपाय. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादकडचा. तिथल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांवरून त्याचे नाव पडले, आपल्या गप्पांशी त्याचा काही संबंध नाही! तो १९१० च्या आसपास भारतात आला. त्याचा चुलतभाऊ गंबुसिया, मूळचा अमेरिकेचा, १९२८ मध्ये इटलीमार्गे आला. दोघेही अंडी न घालता थेट पिल्ले देतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते.

पुढे डीडीटी आले आणि मासे मागे पडले. १९४७ साली देशात हिवतापाचे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६१ पर्यंत रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास आले. सगळ्यांना वाटले, जिंकलो. पण डासांना औषधाची सवय झाली, आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर रुग्ण! तेव्हा जुने मासे पुन्हा आठवले. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी पैदासीची टाकी दिसू लागली.

आमच्या घरात हा इतिहास पुस्तकातला नाही, कारण आमच्या ह्यांची सगळी नोकरी हिवतापाच्या कामात गेली. सायकलच्या कॅरिअरला ॲल्युमिनियमची किटली बांधून, त्यात गप्पी घेऊन हे पाड्यापाड्यावर जात. रक्ताचे नमुने घ्यायचे, गोळ्या द्यायच्या, डबकी पाहायची. माझ्या वर्गात पावसाळ्यानंतर निम्मी बाके रिकामी असत. थंडी वाजून येणारी पोरे गोधडीत कुडकुडताना मी पाहिली आहेत. म्हणून गप्पी माशाला उठून शिव्या देणे मला जमायचे नाही. ते ज्यांनी सोडले त्यांच्या समोर डास होता आणि आजारी मूल होते. फेअरी श्रिंप कुणाला दिसणार?

दुसरे दार भुकेचे. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले. त्यांचे बी पूर्वी नदीतून गोळा करून रेल्वेने पाठवावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची कृत्रिम पैदास करून दाखवली. त्यानंतर मत्स्यबीज आणि बोटुकली देशभर कुठेही पाठवता येऊ लागली. परदेशी मासेही आले. कॉमन कार्प, ज्याला आपल्याकडचे मच्छीमार सायप्रिनस म्हणतात, १९३९ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये. सिल्व्हर कार्प आणि ग्रास कार्प १९५९ मध्ये. आणि १९५२ मध्ये श्रीलंकेहून मंडपमला तिलापिया, मूळ आफ्रिकेचा. उजनीकडे त्याला चिलापी म्हणतात. १९५९ मध्येच देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने तिलापिया आणखी पसरवायला मनाई केली होती. पण तोवर कातड्याची दोरी बरीच लांब गेली होती.

हे दारही निव्वळ चांगल्या हेतूने उघडले होते, हे विसरून चालणार नाही. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर गेले. कुपोषण हा शब्द आमच्या तालुक्याला चिकटला तो कायमचा. अशा ठिकाणी पाझर तलावात मासे सोडले, चार घरांना पैसा मिळाला, पोरांच्या ताटात माशाचा तुकडा पडला, तर त्याला वाईट कोण म्हणेल?

मग बिघडले कुठे?

अमेरिकेत कनेटिकट राज्यात क्रिस्टल लेक नावाचे तळे आहे. तिथल्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची नोंद १९४२ मध्ये झालेली होती. पुढे त्यात हेरिंगच्या जातीचा एक मासा आला. १९६४ मध्ये पुन्हा पाणी तपासले, तर मोठ्या आकाराचे जीव, पाणपिसवांसारखे, जवळजवळ नाहीसे झाले होते आणि फक्त बारीक उरले होते. ब्रुक्स आणि डॉडसन यांनी १९६५ मध्ये हे प्रसिद्ध केले. कारण सरळ आहे. डोळ्यांनी पाहून शिकार करणारा मासा जो घास मोठा दिसेल तो आधी उचलतो. मोठे पाणपिसू शेवाळाचे हिरवे कण खाऊन पाणी निवळ ठेवत असतात. ते गेले की पाणी हिरवे होत जाते. म्हणजे मासा शेवाळाला हात लावत नाही, पण शेवाळ वाढते त्याच्यामुळेच. आपल्या घरात नाही का, एक माणूस गेला की ज्याचा त्याच्याशी संबंध नाही असे दुसरेच काही विस्कटते!

प्रत्येक माशाची तऱ्हा वेगळी. सायप्रिनस तळाचा गाळ तोंडाने उकरतो. त्यात गांडुळासारखे किडे, गोगलगायी आणि अळ्या जातात, आणि पाणी गढूळ होते ते वेगळेच. ग्रास कार्प पाणवनस्पती फस्त करतो. तो किडा खात नसेल, पण किड्याचे लपायचे घरच खातो. तिलापिया शेवाळ, अळ्या, पिल्ले, काय वाटेल ते खातो, तळाशी खड्डे करून घरटी करतो आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, त्यामुळे त्याची पिल्ले वाचतात आणि दुसऱ्यांची वाचत नाहीत. गप्पी आणि गंबुसिया डासांच्या अळ्या खातात हे खरेच, पण त्यांना फक्त डासाचीच अळी खा असे कोण सांगणार? पाणपिसू, चतुराची कोवळी पिल्ले, बेडकाची अंडी, जे तोंडात मावेल ते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींची जी यादी २००० मध्ये निघाली, तिच्यात माशांच्या ८ जाती आहेत. त्यांत गंबुसिया, तिलापिया आणि कॉमन कार्प हे तिघेही आहेत.

यातला सगळ्यात चटका लावणारा भाग असा, की डासांच्या अळ्या खाणारे आपल्या तळ्यात आधीपासून होतेच. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. पाठीवर पोहणारे किडे खातात. कपाळावर टिकली असलेला आपला छोटा मासाही खातो. ब्रह्मदेशात रंगूनमध्ये लोकांच्या घरच्या पाण्याच्या भांड्यांत चतुराच्या अळ्या सोडून डेंग्यूचे डास कमी करून दाखवले होते. हे काम १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वापरलेला लाल चतुर आपल्याकडच्या तळ्यांवरही उडताना दिसतो. म्हणजे बाहेरून शिपाई आणला, आणि त्याने घरचेच शिपाई खाल्ले.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आमचे हे म्हणतील की बाई एकतर्फी लिहिते. पाण्यातला प्रत्येक जीव आपला मित्र नसतो. नारू आठवतो का? पायातून दोरीसारखा बाहेर येणारा जंत. तो पसरत असे तो सायक्लोप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक जिवामुळे, तेही पिण्याच्या पाण्यावाटे. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाणी गाळून प्यायला शिकवले, औषध टाकले. तो सायक्लोप्स मेला म्हणून कुणी रडले नाही, आणि रडायचे कारणही नव्हते. पण ते काम पिण्याच्या विहिरीपुरते झाले. माळावरच्या प्रत्येक डबक्यात औषध ओतले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे.

वर्गातली एक आठवण सांगते. पावसाळ्यात मी मुलांना सांगत असे, तुमच्या पाड्याजवळचे पाणी बाटलीतून आणा आणि त्यात काय दिसते त्यावर दहा ओळी लिहा. निबंधाचा सराव, दुसरे काही नाही. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर अशी सगळी मुले असत. प्रत्येकाकडे त्या किड्यांना वेगळे नाव, आणि कुठला किडा चावतो, कुठला औषधाला लागतो, कुठला भाजून खातात ही माहिती वेगळी. माझ्या पुस्तकी मराठीत त्यातल्या निम्म्यांना नावच नव्हते. आता वाटते, त्या वह्या म्हणजे खरे गॅझेटियर होते. जीव गेला की शब्द जातो, आणि शब्द गेला की जीव गेल्याचे कळायलाही कुणी उरत नाही.

हे नुसते हळहळणे नाही, कारण त्यात पोटाचा प्रश्न आहे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा पाड्यावरचे सगळे ओढ्यावर असतात. एरवी रोजच्या कालवणाला बायका जुन्या साडीची झोळी करून झिंगे धरतात, पोरे दगडाखालचे खेकडे काढतात. या खाण्याला ठेका लागत नाही, बोटुकली विकत घ्यावी लागत नाही, संस्थेचे सभासद व्हावे लागत नाही. तलावातला कटला वजनावर विकला जातो आणि बहुतेक वेळा बाजारात जातो. झिंगा मात्र घरातच शिजतो. सरकारी तक्त्यात मत्स्योत्पादन वाढते तेव्हा त्यात कटल्याचे किलो मोजलेले असतात. ओच्यातून आणलेले मूठभर झिंगे कुठल्या रकान्यात बसत नाहीत. वाढले किती ते कळते, कमी काय झाले ते कळत नाही.

त्यात आता मोठी धरणे. २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण झाले, १०२ मीटर उंचीचे, मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देणारे. वाहत्या पाण्याच्या जागी उभे पाणी आले. दगडांना चिकटून वाहत्या पाण्यात जगणाऱ्या किड्यांचे घर गेले. उभ्या पाण्यात तिलापिया आणि सायप्रिनस यांच्यासारख्यांचे फावते, हे इतर धरणांनी दाखवले आहे. आणि त्याच २०१४ च्या १ ऑगस्टला आमचा पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याच्या जन्माची तारीख सगळ्यांना पाठ आहे. नदीच्या एका तुकड्याचे तळे झाले ती तारीख कुणी लक्षात ठेवली नाही.

यावर उपाय काही आहे का? एक आशेची गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा नावाचा पर्वत आहे. तिथल्या उंचावरच्या बहुतेक तळ्यांत मूळचे मासे नव्हतेच. गळ टाकून मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांसाठी एकोणिसाव्या शतकापासून त्यांत ट्राउट सोडले गेले. मोठ्या अळ्या, पाणकिडे आणि बेडूक दिसेनासे झाले. मग काही तळ्यांतले मासे शास्त्रज्ञांनी जाळी लावून काढून टाकले. आणि किडे परत आले, बेडूकही परत आले! म्हणजे तळ्याला आठवण असते. जवळपास कुठेतरी मूळ बी शिल्लक असेल तर ते परत येते.

आमच्याकडे सगळी तळी रिकामी करा असे मी म्हणणार नाही. ते शक्य नाही आणि ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांच्यावर अन्यायही होईल. पण काही साध्या गोष्टी करता येतील. गप्पी टाकीत, हौदात, गटारात सोडावेत, ओढ्याला किंवा तळ्याला मिळणाऱ्या पाण्यात नकोत. पावसाळी डबक्यात तर नकोतच, कारण ते उन्हाळ्यात आटणार आणि मासे मरणारच, मधल्या मध्ये चतुरांची एक पिढी जाते. तळ्यात मासे सोडायचेच तर तिलापिया नको. घरच्या काचेच्या पेटीतले मासे कंटाळा आला म्हणून नदीत सोडणे, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी खास लिहिते, ते दयेचे काम नाही. आणि माळावरचे खळगे "वाया गेलेली जागा" म्हणून बुजवू नयेत. तेवढे एकच पाणी अजून मूळ मालकांच्या ताब्यात आहे.

आमच्या ह्यांना हा लेख वाचून दाखवला. शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तेव्हा आम्हाला डासाची चार नावे शिकवली होती. चतुराचे एकही नाही." यापेक्षा जास्त मला तरी काही म्हणता येणार नाही.

तुमच्या गावच्या तळ्यात काय काय होते, त्याला तुमच्याकडे काय म्हणत, हे आठवत असेल तर मला अवश्य कळवा. विशेषतः नावे. मी एक वही केली आहे.